आईच्या नावाचा रकाना

रत्नागिरी,
१८ नोव्हेंबर १९८८

प्रिय सावित्री,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिलं नवरात्रात, दुसरं दिवाळीच्या आदल्या दिवशी आणि तिसरं परवा. मधे मी एक हवाई पत्र टाकलं होतं, त्यात ‘सर्व खुशाल, बाळाने बाळसं धरलंय, बाकी मागाहून’ एवढंच होतं. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. तू तिन्ही पत्रांत एकच विचारतेस: गोदा संमतीच्या कागदावर सही कधी करणार? वीस डिसेंबरला तू आणि हरिश्चंद्रराव इकडे यायला विमानात बसणार, परत जाताना बाळाला घेऊन जाणार, त्याआधी कागद हवा. बरोबर आहे तुझं. वेळ झाला नाही असं लिहिलं तर तूच हसशील. घरी बसलेल्या बाईला कसली आलीय वेळेची टंचाई. खरं म्हणजे थकले गं. हात पेनाकडे जायचा आणि परत फडक्याकडे वळायचा. आज गोदा आणि महिपत बाळाला डोस पाजायला दवाखान्यात गेलेत, गोदाचे दोघे मुलगे शाळेत आहेत. घरात मी आणि तांदूळ निवडायचं सूप. सूप बाजूला सारून बसलेय. आज पत्र पुरं केल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

तुझ्या दुसऱ्या पत्रातली कायद्याची चार पानं मी चष्मा पुसून पुसून वाचली. तू लिहितेस, इंग्लंडात तीन वर्षांपूर्वी कायदा झाला. दुसरीसाठी मूल वाहणाऱ्या बाया मिळवून देण्याचा धंदा कुणी काढायचा नाही, पेपरात जाहिरात द्यायची नाही. पण घरच्या घरी, मायेपोटी, कुणी कुणासाठी केलं तर पोलीस दारात येत नाहीत. मात्र आपसात काहीही ठरलेलं असो, जिने जन्म दिला ती आई, आणि मूल दुसरीकडे जायचं तर कोर्टातून दत्तकच जायला हवं. समुद्राची एवढीशी पट्टी ओलांडली की फ्रान्सात असली संस्था काढणाऱ्यांना परवानगीच नाकारली, आणि जर्मनीत कुणी कचेरी थाटली होती ती यंदा कोर्टाने बंद करायला लावली. शेजारी शेजारी देश, आणि एकाच गोष्टीकडे बघायच्या एवढ्या तऱ्हा. आपल्याकडे तर या गोष्टीला कायदाही नाही आणि नावही नाही. तू लिहिलेलं ‘सरोगेट’ मी पाटीवर गिरवून पाहिलं, पण ते काही आपल्या घरातलं वाटेना. तुला वाटलं, जिथे कायदाच नाही तिथे अडवणार कोण? मलाही तसंच वाटलं होतं, तेव्हा तुला एकटीला बोल लावत नाही.

ते वाचताना तुझ्या बाबांची आठवण झाली. ट्रकवर होते तेव्हा गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्यापर्यंत फेऱ्या असायच्या. गोवा त्या वेळी परका देश. नाक्याच्या पलीकडे दारूची बाटली दुकानात राजरोस उभी, अलीकडे आली की तीच बाटली गुन्हा. घरी येऊन सांगायचे, “यमुने, बाटलीत काय फरक पडला सांग बघू? नाका बदलला फक्त.” मी पण मनात तेच धरून चालले. म्हटलं, नाका बदलेल, बाळ तेच राहील. पण बाटली कुणाच्याही हातात दिली तरी गप्प राहते, हे काही मी ध्यानात घेतलं नाही. सव्वीस वर्षं आया म्हणून बाळंतिणींच्या खाटांमधून फिरले, त्यांच्या उशाशी लावलेल्या कागदांवरची अक्षरं विचारून विचारून वाचायला शिकले, आणि एवढी साधी गोष्ट घरात विसरले.

मागल्या दिवाळीचं तुला आठवतं ना? तू आल्या आल्या सगळ्यांना वाटलं होतं, लंडनची बाई म्हणून नखरे करशील. लेस्टर म्हटलं तरी इथे सगळं लंडनच. आणि तू आल्या दुपारी माझ्या शेजारी फतकल मारून बसलीस आणि पातेलंभर बांगडे साफ केलेस. तेव्हा गोदाने तुला विचारलं, “ताई, तिकडे डॉक्टर काय म्हणतात गो?” तू खाली बघूनच सांगितलंस, तीनदा पोट राहून गेलं आणि शेवटी पिशवीच काढली, आता काही म्हणायचं शिल्लक नाही. मी खवले गोळा करत राहिले. मग गोदाच म्हणाली, “माझी पिशवी काय कामात हाय? दोन पोरं झाली, आता नुसती टांगलेली.” तू हसलीस. रडत रडत हसलीस. तू म्हणालीस, “भाडं किती घेशील?” त्यावर ती म्हणाली, “बहिणीकडून कसला भाडा! येताना कॅडबरी आण म्हणजे झाला.” महिपत पडवीत बिडी ओढत होता. मुंबईच्या गिरणीचा संप झाल्यापासून तो घरीच. त्याने आत डोकावून एवढंच विचारलं, “गावात काय सांगायचा?” गोदा नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, “गावाला काय सांगायला लागतंय? माझा घोव घरीच हाय ना?” आपण सगळे खो खो हसलो. एवढी मोठी गोष्ट अशी हसत हसत ठरली. त्या हसण्याचा मला आता राग येतो.

पैशाचं बोलणं त्या दिवशी झालंच नाही, पुढेही झालं नाही. तू छपराला कौलं घालून देते म्हणालीस तर गोदा दोन दिवस तुझ्याशी नीट बोलली नव्हती. तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता वाटतं, घेतलं असतं तर परत तरी करता आलं असतं. मायेने दिलेल्या वचनातून माणसाने बाहेर कुठल्या दाराने पडायचं?

मग आपण चौघं दादरला त्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तू, हरिश्चंद्रराव, गोदा आणि मी. तू नर्स, मी आया, आपण दोघी दवाखान्यातल्या, आपल्याला लाजायचं काय? हरिश्चंद्ररावांचं बीज नळीने गोदाच्या पिशवीत सोडायचं, पाच मिनिटांचं काम होतं. हरिश्चंद्रराव बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. आत गोदा मला म्हणाली, “आये, पोलिओच्या डोसाला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.” डिसेंबरात तिने ओकारीसाठी मोरी गाठली तेव्हा मी तुला तार केली. तार ऑफिसातल्या माणसाने विचारलं, “कुणाच्या घरी आनंद?” मी म्हटलं, “मोठीच्या.”

आणि इथूनच माझं चुकत गेलं. तुला ठाऊक आहे, आपल्या वाडीत राखणदार देवाला राखणेचा कोंबडा एकदा नवसाने बोलला की त्याला कुणी ‘आमचा’ म्हणत नाही. दाणे आपण घालतो, खुराड्यात आपण घेतो, पण तो राखणेचा. आपलं म्हटलं की जीव लागतो आणि जीव लागला की द्यायला हात उचलत नाही. मी तेच गोदाला लावलं. पहिल्या महिन्यापासून तिला बजावलं, पोटातल्याला ‘माझं’ म्हणायचं नाही. ‘ताईचं’ म्हणायचं. तीही शहाण्या मुलीसारखी म्हणायची. “ताईचा लाथ मारतंय.” “ताईच्याला आंबट हवा झालाय.” शेजारची हौसा ऐकून चक्रावली, तेव्हा महिपतने सांगितलं की ताईला मूल नाही म्हणून हे तिला द्यायचं ठरलंय. ते गावाला पटलं. बहिणीने बहिणीला मूल देणं आपल्याकडे कुणाला नवं नाही. गोदा इतक्या सहज ‘ताईचं’ म्हणायची की मला वाटलं, जमलं. फक्त एकदा, सातव्या महिन्यात, ती परसात आमसुलं वाळत घालत होती आणि पोटावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेल्यावर गप्प झाली. काय म्हणत होतीस, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती अडली तेव्हा मी तिला माझ्या ओळखीच्या प्रसूतिगृहात नेलं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं मी तिथेच बदलीला जायची, त्यामुळे सगळे मला मानतात. पहाटेपासून दुपारपर्यंत लागलं. मुलगी झाली. दोन मुलग्यांवर मुलगी. मी तिला पुसून गुंडाळलं आणि गोदाकडे न देता बाहेर घेऊन आले. गोदा म्हणाली, “बघू तरी.” मी म्हटलं, “नंतर बघ. आधी झोप.” त्या वेळी टेबलावर जन्माच्या नोंदीचा कागद होता. तिथल्या मुलीने मला विचारलं, “यमुनाबाई, आईचं नाव?” आणि मी तुझं नाव सांगितलं. सावित्री हरिश्चंद्र. बापाचं नाव हरिश्चंद्ररावांचं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पण माझ्या शब्दावर लिहिलं. मला वाटलं, मी दोन्ही लेकींवर उपकार करतेय. तुला कोर्टकचेऱ्या नकोत, गोदाला पुन्हा पुन्हा सह्या नकोत, जन्मल्या क्षणापासून पोर जिची तिची. त्यात मी एक सबंध बाळंतपण खोडून टाकलं, हे त्या क्षणी मला दिसलं नाही. तुला आनंदाने कळवलं, आणि तूही ‘आई, तू किती विचार करतेस’ असं लिहिलंस.

पोर डब्याचं दूध घेईना. दोन दिवस वाटी-चमच्याने पाजलं, तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. गोदाच्या छातीला मी घट्ट फडकं बांधलं होतं, त्याखाली गाठी होऊन तिला ताप भरला. एकीकडे पोर आक्रंदतंय, दुसरीकडे ही कण्हतेय, आणि मधे मी, हातात डबा. चौथ्या दिवशी गोदाने मला काही न विचारता फडकं सोडलं आणि पोरीला जवळ ओढलं. मी अडवलं नाही. पोर जगायला हवी होती ना. तुला ‘दूध मानवलं’ एवढंच कळवलं. कुठलं दूध ते लिहिलं नाही. हे तुझ्यापासून लपवलं याची मला लाज वाटते, आज सगळं लिहायचं म्हणून हेही लिहिते.

तुझ्या पत्रात एक ओळ आहे, ती मात्र मी परत परत वाचली. तुला तिथल्या कचेरीतल्या बाईने सांगितलं की बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत इंग्लंडातलं कोर्ट आईची संमती धरतच नाही. आधी सही केली असली तरी ती व्यर्थ. सावित्री, आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना कोनाड्यातल्या दिव्यासारखी जपायची असते. कामाला हात लावायचा नाही, विहिरीवर जायचं नाही, कुणी तिला काही विचारायचंही नाही, कारण तोवर ती आपल्या ठिकाणावर नसते. सव्वा महिना म्हणजे सहा आठवड्यांना चार-दोन दिवस कमी. तिकडच्या कायदा करणाऱ्यांनी एखाद्या सुइणीला विचारलं असणार असं मला वाटलं. तिकडे गोऱ्या बाईला कायद्याने सहा आठवडे दिले. आणि इथे माझ्या पोटच्या मुलीला मी सहा मिनिटंही दिली नाहीत. तिच्या वतीने मीच सगळं बोलून मोकळी झाले.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. तू बाळासाठी कागद दाखल केलेस आणि वकिलातीत त्यांनी सरळ प्रश्न विचारला: तुमच्या पासपोर्टावर जुलै महिन्यात भारतात आल्याचा शिक्का नाही, मग बाळंतपण रत्नागिरीत कसं झालं? त्यांचं काय चुकलं? तू घाबरून मला लिहिलंस, नोंद दुरुस्त कर, मग रीतसर दत्तकाचा कागद करू. मी कोर्टाजवळच्या वकिलांकडे गेले. त्यांनी आधी मला खोट्या नोंदीवरून फैलावर घेतलं, मग समजावून सांगितलं. म्हणाले, इथल्या दत्तकाच्या कायद्यात मूल द्यायचं ते बापाने, घ्यायचं ते बापाने, आयांनी फक्त हो म्हणायचं. मी मनात म्हटलं, म्हणजे ज्याचं रक्त नाही तो महिपत देणार, आणि ज्याचं आहे ते हरिश्चंद्रराव घेणार. आणि जिने वाहिलं तिने नुसती मान हलवायची. तिकडे जन्म देणारीला सगळं विचारतात, इकडे तिला शेवटी विचारतात. तरी विचारतात. तिच्या हो-शिवाय इथेही काही होत नाही, हे वकिलांनी दोनदा सांगितलं.

ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर, आम्ही नोंद दुरुस्त करायला गेलो. मी, गोदा, महिपत आणि कडेवर पोर. जन्म-मृत्यूच्या कचेरीतले बाबाजी मला ओळखतात. म्हणाले, “यमुनाबाई, आयुष्य बाळंतिणींत काढलंत आणि आईच चुकलात?” मी म्हटलं, “चुकले खरी.” त्यांनी सांगितलं, आईला साहेबांपुढे शपथेवर सांगावं लागेल. आम्ही दोन तास बाकावर बसलो. पोर गोदाच्या पदराशी चाळा करत होती. साहेब तरुण होते, घाटावरचे असावेत, बोलण्यावरून वाटलं. त्यांनी गोदाला पुढे बोलावलं आणि विचारलं, “बाई, हे मूल कोणाचं?”

नऊ महिने आणि वर तीन महिने ती एकच उत्तर घोकत आली होती. मी ते तिच्या ओठांवर येताना पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, जशी लहानपणी पाढे विसरली की पाहायची. मी मान खाली घातली. साहेब म्हणाले, “मोठ्याने सांगा. शपथेवर आहात.” महिपत खाकरला. मग ती म्हणाली, “माझा.” साहेब लिहायला लागले. त्यांनी पुढे काही विचारलं नव्हतं, तरी ती पुन्हा म्हणाली, “माझा हाय. मी पोटातून काढलाय तिला.” साहेबांनी वर न बघता म्हटलं, “हो हो, एकदा सांगितलं तरी पुरे.” पण ती तिथेच उभी राहिली. तिला मागे घ्यायला मला दंडाला धरावं लागलं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. माझ्या हातून लिहिलेलं हे पहिलं खरं, त्या सबंध प्रकरणात.

येताना लांज्याच्या एस.टी.त आम्हाला तिघांना बसायला जागा मिळाली. गोदाने खिडकीशी बसून पोरीला पाजलं, पदर न घेता. बाईमाणसं बघत होती. आपल्या फाट्यावर उतरल्यावर सड्याच्या उघड्या कातळावरून चालताना ती मागे राहिली. मी थांबले. ती म्हणाली, “आये, तू मला बारा महिने बोलू दिला नाहीस. आज सरकारने बोलायला लावला. आता मला परत गप कर बघू.” महिपत पुढे चालत होता, तो थांबला नाही, पण त्याने वाटेतल्या घराच्या दगडी गडग्यावर पिशवी ठेवली आणि डोळे पुसले. मी पाहिलं.

त्यानंतर मी तिच्याशी भांडले, सावित्री. तुझ्यासाठी भांडले. तू एकटी तिथे थंडीत, तुझी तीन गेलेली, तुझी रिकामी खोली जिला तू पिवळा रंग लावून घेतलास. सगळं तिला पुन्हा सांगितलं. म्हटलं, “तुला दोन आहेत, तिला एकही नाही. तू शब्द दिलायस.” ती म्हणाली, “शब्द दिला तेव्हा पोर नव्हता. शब्दच होता.” मी म्हटलं, “हरिश्चंद्ररावांचं रक्त आहे.” ती म्हणाली, “असू दे. मी नाय म्हणत नाय. तिला मोठी झाल्यावर मी सांगेन. पण रक्त एवढाच द्यायचा होता तर बाटलीतून नेला असता.” चिडून बोलली, पण मग चुलीपाशी बसून रडली आणि म्हणाली, “ताईचा काय चुकला? कायच नाय चुकला. तेच तर.” तीन दिवस ती जेवली नाही. पेज समोर ठेवायची मी, तीही तशीच. पोरीला मात्र वेळेवर पाजायची. चौथ्या दिवशी मी भांडणं सोडलं. मला अशा अवस्थेतल्या बाया ठाऊक आहेत. खाटेवरून उठून पोरासकट निघून जाणाऱ्या पाहिल्यात मी, आणि पोर दिल्यावर विहिरीकडे वळणाऱ्याही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, बाळा. गोदा सही करणार नाही. पाकिटात तू मागितलेला कागद नाही. नोंदीच्या दुरुस्त उताऱ्याची नक्कल आहे, त्यात आईच्या रकान्यात गोदाचं नाव आहे. ती तू माझ्या अक्षरासोबत पाहावीस म्हणून घातलीय, कुणा परक्याकडून कळू नये.

तुला काय वाटेल हे मला कळतं, असं मी म्हणणार नाही. तुझ्या पहिल्या वेळी मी तुझ्याजवळ नव्हते, दुसऱ्या वेळीही नाही, तिसऱ्या वेळी तुझं पत्र मला दीड महिन्याने मिळालं. लेकीच्या दुःखाला आईने नेहमी उशिरा पोचायचं, असंच आपलं झालं. हरिश्चंद्ररावांना म्हणावं, माझ्यावर रागवा. त्यांचा हक्क कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हे कुठल्या देशाच्या कायद्याने सांगता येईल, मला माहीत नाही. गोदा म्हणते, त्यांनी हवं तेव्हा यावं, पोरीला मांडीवर घ्यावं, तिच्या शिक्षणाचं त्यांनी ठरवावं, ती आडवी येणार नाही. मला हे पुरेसं वाटत नाही. तुलाही वाटणार नाही. पण तिच्याकडे द्यायला एवढंच आहे. बाकी घरची बातमी म्हणजे यंदा भात बरं आलं, गोदाचा बाबल्या दुसरीत पहिला आला, आणि माझे गुडघे आता सड्यावर चढू देत नाहीत.

आता शेवटचं लिहिते, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तुझ्या परवाच्या पत्रात अगदी खाली, सही केल्यावर पुन्हा एक ओळ आहे: ‘गोदाने खळखळ केली तरी काळजी करू नकोस, तिच्या सहीचा कोरा स्टॅम्पपेपर आमच्याकडे आहे, मुंबईचे वकील त्यावर करून देतील.’ तो कागद हरिश्चंद्ररावांनी मागल्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी आणला होता, गोदाला पुन्हा कचेरीत हेलपाटे नकोत म्हणून. गोदाने खाली सही केली, महिपतनेही केली. कुठे करायची ते बोट ठेवून मी दाखवलं. तिने वर काय लिहिणार हे विचारलंसुद्धा नाही, बहिणीचं काम होतं ना. ही ओळ मी तिला वाचून दाखवलेली नाही. तुझं पत्र वाचताना तिथे थांबले आणि ‘सर्वांना नमस्कार’ म्हणून मिटलं. तू तो कागद रजिस्टर टपालाने परत पाठव, माझ्या नावाने नको, गोदाच्या नावाने पाठव. आत दोन शब्द लिही किंवा लिहू नकोस. तो परत आला तर ती ओळ माझ्याबरोबर जाईल, तुम्हा दोघींत ती कधी येणार नाही. पण त्यावर वकिलाने काही लिहिलं आणि तो कोर्टात आला, तर मला बोलावतील, कारण सही घेताना मी तिथे होते. मला शपथ घालतील आणि विचारतील, सही केली तेव्हा कागद कोरा होता का? मी खरं सांगेन, सावित्री. तुझ्याविरुद्ध उभी राहून, तुझ्या तोंडाकडे बघत सांगेन. एकदा मी मायेपोटी खोटं लिहवून घेतलं, पुन्हा माझ्याच्याने व्हायचं नाही. मला तिथे उभी करू नकोस गं.

दमलेली, पण तुझीच,
आई